थंड झालेल्या भट्ट्या : फोल्क्लिंगन ते डुइसबुर्ग, सहा दिवस

दिवस पहिला : फोल्क्लिंगन, मालाच्या वाटेने

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या सीमेला चिकटून झारब्रुकन आहे. तिथून लोकलने दहा मिनिटांत फोल्क्लिंगन. स्टेशनातून बाहेर पडलं की पत्ता विचारावा लागत नाही. सहा झोतभट्ट्या (खालून तापलेल्या हवेचा झोत सोडून खनिजातून लोखंड वितळवून काढणाऱ्या उंच भट्ट्या), त्यांच्या शेजारचे हवा तापवणारे गोल डोक्याचे स्टोव्ह आणि त्या सगळ्यांना गुंडाळून गेलेले माणूस उभा मावेल एवढे गॅसचे पाइप घरांच्या छपरांवरून डोकावत असतात.

इथला कारखाना १८७३ मध्ये ज्यूलियस बुख याने काढला आणि सहा वर्षांत तो बंद पडला. १८८१ मध्ये कार्ल र्‍योखलिंगने तो विकत घेतला, १८८३ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहा भट्ट्यांची रांग पुरी झाली. १९८६ मध्ये सगळ्या थंडावल्या. १९९४ मध्ये युनेस्कोने हा कारखाना जागतिक वारसा यादीत घेतला. उंच भट्ट्या युरोपात इतरत्रही उरल्या आहेत. इथे उरली आहे ती अख्खी साखळी. कोळशापासून कोक हे इंधन करणाऱ्या कोक भट्ट्या, खनिजाचे बंकर, बारीक खनिज भाजून त्याची ढेकळं करणारा सिंटर प्लँट, झोत देणारी इंजिनं, गॅस स्वच्छ करणारं घर, सगळं जागच्या जागी आहे.

बहुतेक पर्यटक तिकीट काढून थेट माथ्यावर धावतात. तसं करू नये. माल ज्या वाटेने जायचा त्याच वाटेने चालावं: खनिजाच्या कोठारातून सुरुवात, मग तिरपा चढ, मग भट्टीचं तोंड, शेवटी खाली टॅप होल, म्हणजे वितळलेलं लोखंड बाहेर काढायचं भोक. असं चाललं की कुठलंही यंत्र कोड्यासारखं वाटत नाही. जुन्या काळच्या भट्टीचा हिशोब लक्षात ठेवावा: एक टन कच्चं लोखंड काढायला साधारण दोन टन खनिज, एक टन कोक, अर्धा टन चुनखडी आणि चार टनांहून अधिक हवा. हवेचा आकडा वाचून लोक दचकतात. पण झोतभट्टीत सगळ्यात जास्त वजनाचा माल हवाच असतो, आणि निम्मा कारखाना ती ढकलायला, तापवायला आणि वापरून झाल्यावर धुवायलाच उभा असतो.

खनिजाच्या कोठारात बंकरांची तोंडं ओळीने आहेत. खाली रुळाला टांगलेले डबे यायचे, वजन करून भरले जायचे आणि तिरप्या चढावरून २७ मीटर वरच्या फलाटावर चढायचे. हा टांगता मार्ग १९११ पासून पुढच्या काही वर्षांत उभा राहिला आणि त्या काळी आपल्या जातीतला सर्वांत मोठा होता. मराठी वाचकाला ते साल आणखी एका कारणाने ओळखीचं वाटेल. २ डिसेंबर १९११ ला साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपूरमध्ये, टाटांची पहिली झोतभट्टी पेटली. त्या शोधाची सुरुवात मात्र आपल्या चंद्रपुरात झाली होती. १८८२ मध्ये लोहाऱ्याच्या खनिजावरचा जर्मन भूवैज्ञानिक रिटर फॉन श्वार्ट्झ याचा अहवाल जमशेटजींच्या हाती पडला. खनिज चांगलं होतं, पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा या कामाच्या उपयोगाचा निघाला नाही. कोक होणारा कोळसा जवळ नसेल तर खनिजाचा डोंगर असूनही भट्टी उभी राहत नाही, आणि फोल्क्लिंगन कोळशाच्या पट्ट्यातच का आहे हे त्यावरून कळतं.

वरच्या फलाटावर भट्टीचं तोंड असतं. ते सताड उघडं ठेवून चालत नाही, कारण वर येणाऱ्या गॅसमध्ये चौथाईच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असतो. तो विषारीही आणि इंधन म्हणून मोलाचाही. म्हणून एकाखाली एक अशा दोन शंकूसारख्या घंटा ही झोतभट्ट्यांची नेहमीची रचना. वरची घंटा उघडून माल मधल्या कप्प्यात घ्यायचा, ती बंद करायची, मगच खालची उघडायची.

फलाटाच्याही वर, साधारण ४५ मीटरवर, दर्शक-सज्जा आहे. तिथे हेल्मेट घालूनच जाता येतं. पायाखाली लोखंडी जाळी आहे आणि जाळीतून सरळ जमीन दिसते, तेव्हा उंचीची भीती असणाऱ्यांनी २७ मीटरवरच समाधान मानावं. जाड, कडक तळाचे बूट हवेत. पावसात जाळीचे जिने घसरतात.

दिवस दुसरा : पुन्हा फोल्क्लिंगन, या वेळी गंज बघायला

एका दिवसात फोल्क्लिंगन होत नाही. दुसरा दिवस संवर्धनासाठी ठेवावा, कारण हे काम इतकं उघड्यावर क्वचितच बघायला मिळतं.

चालू भट्टी स्वतःची राखण स्वतःच करते. ती इतकी तापलेली असते की पाणी कुठे साचतच नाही. डागडुजीला माणसं तीन पाळ्यांत हजर असतात. धूळ रोज उपसली जाते. भट्टी विझली की हे तिन्ही एका दिवसात थांबतं आणि पाऊस आत येतो. त्यामुळे बंद झाल्यावरची पहिली कामं अगदी साधी आणि घाण असतात. गॅसच्या वाहिन्या हवेने धुऊन काढायच्या आणि जोडांवर आंधळ्या, म्हणजे भोक नसलेल्या, चकत्या बसवायच्या. धूळ पकडणारी भांडी रिकामी करायची. गिअर बॉक्समधलं तेल, ट्रान्सफॉर्मरचं तेल, पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस काढायचं. छपराची पन्हळं मोकळी करायची. रंगाचा विचार त्यानंतर.

धुळीचं तर विशेषच. गॅसबरोबर येणारी भट्टीची धूळ वाकणाच्या पाइपात तळाशी बसते. कोरडी असताना पाइप तिचं वजन पेलतो. पत्र्याला एक भोक पडून पाणी आत गेलं की तीच धूळ चिखल होते, वजन वाढतं आणि आधाराचे खांब वाकतात. त्या चिखलात जस्त, शिसं आणि सायनाइडची संयुगं असू शकतात, त्यामुळे फावड्याने काढून कडेला टाकला असं करता येत नाही. वाकणाच्या खालच्या बाजूला नवीन झाकण किंवा ठिगळ दिसलं की समजावं, तिथून कोणीतरी पोट साफ केलं आहे.

आता एक जोड अगदी जवळून बघू. दोन पोलादी पट्ट्या एकमेकींवर, मध्ये रिव्हेटांची, म्हणजे डोकं ठोकून बसवलेल्या जाड खिळ्यांची, ओळ. पट्ट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत पाणी शिरतं आणि तिथे ते वाळत नाही. आत गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते. तो पट्ट्यांना दूर ढकलतो. पट्टी दोन रिव्हेटांच्या मध्ये पोळीसारखी फुगते आणि शेवटी रिव्हेटचं डोकं उडतं. वरून कितीही रंग दिला तरी हे थांबत नाही. उलट फटीचं तोंड वरून बंद झालं आणि खालून उघडं राहिलं तर पाणी आत कोंडून वेग वाढतो. यावर दोनच उपाय. रिव्हेट काढून जोड उघडायचा, आतला गंज साफ करून, प्रायमर देऊन, पुन्हा बांधायचा; बहुतेकदा तिथे रिव्हेटऐवजी बोल्ट येतो आणि जाणकाराला तो दिसतो. किंवा फट वरच्या बाजूने भरायची आणि खालची मुद्दाम उघडी ठेवायची. पेटीसारख्या बंद तुळईला सगळ्यात खालच्या जागी दहा-बारा मिलिमीटरचं एक भोक पाडणं हे या क्षेत्रातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे. ते भोक दर वर्षी सळई घालून मोकळं करायला माणूस मात्र लागतो.

सगळं लोखंड एका वेगाने जात नाही. मध्यम गंजणाऱ्या हवेत उघडं पोलाद पहिल्या वर्षी प्रत्येक बाजूने २५ ते ५० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) झिजतं, नंतर वेग थोडा मंदावतो. हाच वेग धरून चाललं तरी दोन मिलिमीटरचा छपराचा पत्रा दोन्ही बाजूंनी खाल्ला जाऊन वीस ते चाळीस वर्षांत चाळण होतो. भट्टीचं वीस-तीस मिलिमीटर जाडीचं कवच त्या मानाने अमर. म्हणून जिथे पैसा मोजका आहे तिथे तो आधी पत्रे, पन्हळं, कठडे, जिने यांवर जातो. दर्शकाला भट्टीचं काही केलेलं दिसत नाही आणि तो विचारतो, एवढे कोटी गेले कुठे?

रंगाचं प्रकरण याहून अवघड. नेहमीच्या पद्धतीने पोलाद वाळूच्या माऱ्याने चकचकीत करून दोनशे ते तीनशे मायक्रॉनचे थर दिले तर टिकाऊपणा मिळतो, पण शंभर वर्षांचे थर, खडूने लिहिलेले आकडे, राखेची पुटं सगळं जातं. पारदर्शक लेप दिला तर रूप राहतं. मात्र उन्हाने तो तडकतो, कडेने सुटतो आणि आत पाणी धरतो. त्यात जुन्या पोलादावरचा पहिला थर बहुधा शेंदराचा असतो. हो, मारुतीला फासतात तोच शेंदूर, शिशाचा ऑक्साइड. गंज रोखायला तो उत्तम, पण घासला की विषारी धूळ. म्हणून कोरडं घासणं बंद. पाणी मारून किंवा तंबू बांधून आतली हवा गाळून हे काम करावं लागतं, आणि खर्चातला मोठा वाटा रंगाऐवजी त्या तंबूचा होतो.

दुपारी कोक भट्ट्यांकडे. इथल्या रांगांत आता झाडं माजली आहेत आणि या भागाला ‘स्वर्ग’ म्हणतात. कोक भट्टी पुन्हा कधीच पेटवता येत नाही हे इथे समजून घ्यावं. तिच्या भिंती सिलिकाच्या विटांच्या असतात. साधारण ६०० अंशांच्या खाली आल्यावर सिलिकाची स्फटिकरचना बदलते, वीट आकसते आणि सांधे फुटतात. म्हणून अशी रांग एकदा तापवली की दशकानुदशकं सणासुदीलाही विझवत नाहीत. थंड झाली त्या आठवड्यातच ती यंत्र म्हणून संपली. इथे झाडांना जागा देणं हा म्हणूनच हार मानण्याचा प्रकार नाही, पटण्यासारखा निर्णय आहे.

झोत देणाऱ्या इंजिनांचं घर मात्र छपराखाली, कोरडं. भट्टीच्याच गॅसवर चालणारी ही राक्षसी इंजिनं, माणसाच्या दुपटीहून उंच गतिचक्रांची. हॉलचा सुरुवातीचा भाग १९०० चा. आता तिथे प्रदर्शनं भरतात. छप्पर शाबूत राहिलं की यंत्राला तेलाचा हात पुरतो, एवढं इथे स्पष्ट दिसतं.

निघण्यापूर्वी सिंटर प्लँटमध्ये फ्रेंच कलाकार क्रिस्तियान बोल्तान्स्की यांची २०१८ ची मांडणी बघावी: पत्र्याच्या जुन्या कागदपेट्यांच्या भिंती आणि मध्ये काळ्या कपड्यांचा ढीग. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यात बारा हजारांहून अधिक लोकांना सक्तीने राबवलं गेलं. कारखान्याचा मालक हेर्मान र्‍योखलिंग याला युद्धानंतर फ्रेंच लष्करी न्यायालयाने दोषी ठरवलं. वारसा जपायचा म्हटल्यावर हाही जपावा लागतो. तो इथे बराच उशिरा आला, असं आमचं मत.

दिवस तिसरा : बेलवाल

झारब्रुकनहून लक्झेम्बर्गला एक्सप्रेस बस आहे, सव्वा तासाच्या आसपास. लक्झेम्बर्ग देशात २०२० पासून सार्वजनिक वाहतूक फुकट आहे, त्यामुळे पुढे बेलवाल-विद्यापीठ स्टेशनपर्यंत तिकिटाची भानगड नाही.

इथे तीन भट्ट्या होत्या. देशातली शेवटची भट्टी, ‘बी’, १९९७ मध्ये विझली. ‘सी’ सुटी करून चीनला विकली गेली. ‘ए’ आणि ‘बी’ उरल्या आणि त्यांच्या अवतीभवती अख्खं विद्यापीठ बांधलं गेलं. खनिजाच्या जुन्या कोठारात आता ग्रंथालय आहे, २०१८ पासून. ‘ए’ वर ४० मीटरपर्यंत चढता येतं. हंगामाप्रमाणे बंद असते, आधी चौकशी करावी.

फोल्क्लिंगनहून आल्यावर बेलवाल डोळ्यांना टोचतं. रंग स्वच्छ, कडा नीट, सभोवती काचेच्या इमारती. ‘बी’ तर मुख्यतः आकार म्हणून ठेवली आहे, आजूबाजूचं बरंच उतरवून. एकसारखा रंग दिल्याने कुठला पाइप गॅसचा, कुठला पाण्याचा, कुठला झोताचा हे ओळखणं कठीण झालं. टिकेल नक्कीच. पण कारखान्यात रंग ही भाषा असते आणि इथे तिचे सगळे शब्द एकाच अक्षरात लिहिले आहेत.

दिवस चौथा : मोझेलच्या काठाने

लक्झेम्बर्गहून ट्रिअर, कोब्लेंट्स, कोलोन, एसेन. बहुतेक दिवस गाडीत. कोब्लेंट्सला सामान लॉकरमध्ये ठेवून जवळच्या झाइनच्या जुन्या ओतशाळेला जाऊन यावं. तिचा हॉल १८२८-३० मध्ये कार्ल लुडविग अल्टहान्सने बांधला. खांब, कमानी, सगळा सांगाडा ओतीव लोखंडाचा. समोरचा काचेचा दर्शनी भाग देवळासारखा वाटतो आणि गाभाऱ्याच्या जागी झोतभट्टी. दोनशे वर्षांनंतरही हे खांब पोलादी पत्र्यांपेक्षा बरे दिसतात. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, कार्बन भरपूर आणि ओतताना वरती घट्ट कातडी तयार होते, त्यामुळे ते सावकाश गंजतं. त्याचा शत्रू निराळा: धक्का आणि ताण. बीड वाकत नाही, तडकतं, आणि त्याला वेल्डिंग सहज लागत नाही.

दिवस पाचवा : हाटिंगन

एसेनहून एस-३ लोकल हाटिंगनला जाते. पुढे बस किंवा पायी. हेन्रिखस्ह्युट्टं हा कारखाना १८५४ चा, डिसेंबर १९८७ मध्ये इथली भट्टी विझली. आज उभी असलेली तीन नंबरची भट्टी १९४० ची, रूर या कोळसा-पोलादाच्या जुन्या खोऱ्यात टिकलेली सर्वांत जुनी. दोन नंबरची चीनला गेली. जाताना प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घातले गेले होते, म्हणजे पलीकडे ती पुन्हा जोडता यावी. संवर्धनवाल्यांना यातून एक धडा घेण्यासारखा आहे: व्हॉल्व्ह, वाहिनी, चाक, प्रत्येकाला क्रमांक लावा आणि तो लावायला तिथे काम केलेला माणूस असतानाच लावा. दहा वर्षांनी आराखडा सापडतो, पण ‘हा व्हॉल्व्ह पाऊण फेऱ्यावर अडतो, तिथेच ठेवायचा’ हे आराखड्यात नसतं.

फोल्क्लिंगन साखळी दाखवतं, हाटिंगन काम दाखवतं. कास्ट हाऊसची, म्हणजे लोखंड बाहेर वाहतं त्या शेडची, वाळूची जमीन, तिच्यात कोरलेले पाट आणि टॅप होलसमोर वळवलेली मड गन इथे सावकाश बघता येते. क्रम असा: भोक पाडायचं, साधारण १४५० ते १५०० अंशांचं लोखंड मुख्य पाटात येतं, त्याच्यावर मळी, म्हणजे खनिजातला वितळलेला गाळ, तरंगते, पाटात आडवा बांध असतो, लोखंड त्याच्या खालून पुढे जातं आणि मळी अडून बाजूच्या पाटाला वळते. ओतणं संपलं की मड गन पुढे येऊन भोकात माती ठासते. बांधाखालची ही फट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. दूध आणि साय वेगळी करण्याची याहून सोपी युक्ती सापडणार नाही. भाजण्याचे अपघात ओल्या पाटामुळेही व्हायचे: वाळूत पाणी राहिलं तर वितळलेल्या लोखंडाखाली त्याची एकदम वाफ होते आणि लोखंड उसळतं. म्हणून प्रत्येक पाट आधी शेकून कोरडा करायचा.

इथे ओतकामाची प्रात्यक्षिकं ठरावीक दिवशी होतात. ती जमवूनच यावं. सोमवारी संग्रहालय बंद. लहान मुलांसाठी उंदराच्या चित्राचा वेगळा मार्ग आहे.

दिवस सहावा : डुइसबुर्ग

डुइसबुर्ग स्टेशनाखालून ९०३ क्रमांकाची ट्राम. लांडशाफ्ट्सपार्क-नॉर्ड या थांब्यावर उतरायचं. प्रवेश फुकट, दिवसरात्र उघडं. माइडरिखचा हा कारखाना १९०३ ते १९८५ चालला. पुढे एम्शर खोऱ्याच्या मोठ्या पुनर्रचनेत उद्यानरचनाकार पेटर लाट्झ यांच्या आराखड्यानुसार त्याचं उद्यान झालं. १९९४ मध्ये ते खुलं झालं. विस्तार सुमारे १८० हेक्टर.

इथे सगळं जपायचा हट्ट नाही. पाच नंबरची भट्टी चढायला ठेवली आहे, सुमारे ७० मीटर, तीही तिकिटाशिवाय आणि हेल्मेटशिवाय. ते शक्य झालं कारण वाटेवरचे कठडे, जाळ्या, जिने नव्याने बांधले आणि बाकीचं जाळी लावून बंद केलं. खनिजाच्या बंकरांच्या काँक्रीट भिंतींवर गिर्यारोहक चढतात. काही बंकरांत बागा आहेत. काहींत दूषित माती भरून वरून पक्की बंद केली आहे. ती उकरून दुसरीकडे नेली असती तर दूषित जागा दोन झाल्या असत्या. भट्टीजवळच्या चौकात ४९ जाड चौरस लोखंडी पाट्या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडल्या आहेत. त्या इथल्याच ओतकामाच्या जागेतल्या. वर्षानुवर्षं तप्त धातू सोसल्याने त्यांचा पृष्ठभाग झिजून नदीतल्या खडकासारखा झाला आहे. हात फिरवून बघावा.

झाडांचा प्रश्न इथे मोठा. आपल्याकडे गडाच्या बुरुजात पिंपळ रुजतो, तसे इथे बर्च आणि बडलिया ही झाडं-झुडपं विटांच्या सांध्यात रुजतात. जमिनीवर त्यांना मोकळीक, पण चिमणीवर, स्टोव्हवर आणि पन्हळात रोप दिसलं की त्याच वर्षी काढायचं. दोन वर्षांनी मूळ काढताना वीटही येते. एक झुडूप तर थेट दक्षिण आफ्रिकेतून आलं आहे. पिवळ्या फुलांचं, कोरड्या खडीत मजेत वाढणारं. तेही तसंच ठेवलं आहे.

जुना गॅसोमीटर, म्हणजे गॅस साठवायची टाकी, बघायला विसरू नये. ४५ मीटर व्यासाच्या या टाकीत सुमारे दोन कोटी लिटर पाणी भरलं आहे, १३ मीटर खोल, आणि पाणबुडे तिथे सराव करतात.

शुक्रवार ते रविवारच्या संध्याकाळी जोनाथन पार्क यांची प्रकाशयोजना लागते, तेव्हा फोटोवाल्यांनी तिपाई आणावी. पण पाऊस असेल तर अंधार पडायच्या आत पाण्याची वाट धरून चालावं. छपरावरचं पाणी गुपचूप गटारात न सोडता इथे उघड्यावर वाहू दिलं आहे. ते कारखान्याच्या जुन्या उंच पाइपांतून फिरतं, शीतकरणाच्या जुन्या हौदांत वरून पडतं, पडताना हवा घेतं, आणि तिथून कालव्यात जातं. या कालव्याच्या जागी पूर्वी उघड्यावर सांडपाणी वाहायचं. ते आता खालून मोठ्या नळातून जातं. कालव्यात लव्हाळी आहेत, बदकं आहेत, आणि काठावर उभं राहिलं की हौदात पडणाऱ्या धारेचा आवाज येतो. शेवटची ट्राम किती वाजता आहे ते थांब्यावर आधी वाचून ठेवावं.